खोडलेले दिवस

रोज दुपारी बारा वाजता कल्याणचा मेसेज यायचा. बारा म्हणजे इथले, आपले बारा. माझं जहाज जगात जिथं असेल तिथं तेव्हा पहाट असो नाहीतर संध्याकाळ. त्या दिवशी आम्ही आफ्रिकेचा पूर्व किनारा उजवीकडे ठेवून दक्षिणेला चाललो होतो आणि जहाजावरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. मी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, चहाचा कप घेऊन उभा होतो. फोन वाजला, कल्याणचं नाव दिसलं. मी न वाचताच अंगठ्याचं चित्र पाठवणार होतो, कारण आत काय असणार हे ठाऊक होतं... घरून गुलमंडीपर्यंत चालत जायला आज किती मिनिटं लागली तो आकडा आणि पुढं एखादा शेरा. पण मेसेज लांब होता. "भाऊजी, हे आज सकाळी गेले. खोलीवर, खुर्चीत बसल्या बसल्या. तुम्ही समुद्रावर आहात, येता येणार नाही हे माहीत आहे. सुनंदा." मी तो वाचला, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, मग आजचा आकडा का नाही लिहिला?

मी मालवाहू जहाजावर कप्तान आहे. या नोकरीनं मला वादळं दाखवली, भर समुद्रात बंद पडलेली इंजिनं दाखवली, एकदा तर एका खलाशाचा देह चार दिवस शीतगृहात ठेवून बंदर गाठावं लागलं. त्यामुळं आपण आता चांगले निबर झालोय असा माझा समज होता. तो त्या सकाळी पार खोटा ठरला. शेजारी उभा असलेला सेकंड ऑफिसर काहीतरी विचारत होता, मी त्याला उत्तरं देत होतो, आणि ती सगळी बरोबर होती असं त्यानंच मला नंतर सांगितलं. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी कप माझ्या हातातच होता, एवढं आठवतं. एक्कावन्न वर्षांचा माणूस. माझ्याच वयाचा, माझ्याच गावचा, माझ्याच बाकावरचा. काल बाराला मेसेज करणारा.

आणि समोर टेबलावर त्याचाच कागद पडलेला होता. निघताना त्यानं पाठवलेला, बंदरापर्यंतच्या प्रत्येक दिवसाचा वेग लिहिलेला. अजून नऊ दिवस उरले होते. उद्याच्या तारखेपुढं, वेग थोडा कमी करा, समोरून लाटा येतील, त्यांच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही, असं त्यानं बाजूला लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी लाटा आल्या. त्यानं सांगितल्या दिशेनं आल्या, जवळपास त्यानं सांगितल्या तेवढ्याच उंचीच्या आल्या. मी वेग कमी केला. त्या वेळी मला जो राग आला तो कुणावर होता ते मला आजही सांगता येणार नाही. नऊ दिवसांनंतरचा समुद्र ज्याला इथून दिसत होता, त्याला स्वतःची आजची सकाळ दिसू नये? तिकडं त्याला अग्नी दिला, राख सावडून झाली, दहाव्याची तयारी सुरू झाली, आणि इकडं तो आमचं जहाज चालवतच होता. रोज दुपारी मी कागद उघडायचो, त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवायचो आणि खाली इंजिन रूमला वेग सांगायचो. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही बंदराबाहेर पोचलो तेव्हा आमच्या आधीचं जहाज धक्क्यावरून सुटत होतं. एक तासही थांबावं लागलं नाही. तेलाचा हिशेब त्याच्या अंदाजाला चिकटून आला होता. बंदराचा पायलट, म्हणजे जहाज धक्क्यापर्यंत नेणारा तिथला वाटाड्या, वर आला आणि म्हणाला, कप्तान, छान वेळ साधली. मी मान हलवली आणि जहाज धक्क्याला बांधून झाल्यावर केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

कल्याण काय काम करतो हे औरंगाबादच्या गुलमंडीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. खाली रशीदभाईंचं कापडाचं दुकान, शेजारून अरुंद दगडी जिना, वर रस्त्याकडं उघडणाऱ्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत दोन कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि खिडकीत तुळशीचं डबडं, त्याला कुंडी म्हणणं जास्त होईल. इथून समुद्र शेकडो किलोमीटर. रशीदभाई रोज सकाळी खालून विचारायचे, "क्या कल्याणभाई, आज कितने डुबाए?" आणि हा वरून ओरडायचा, "अजून एक बी नाय, रशीदभाई, पण तुम्ही अशीच दुवा देत राहा." काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. जहाज नवं असताना किती वेगाला किती तेल लागेल हे बांधणारा लिहून देतो. पण एकदा ते पाण्यात पडलं की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा होतो. कुणाचं इंजिन थकलेलं, कुणाच्या बुडाला शेवाळ धरलेलं, कुणी माल भरल्यावर चांगलं चालतं आणि रिकामं असलं की लाटांच्या थपडा खात बसतं. कल्याण त्या एकेका जहाजाचा स्वभाव आकड्यांतून ओळखायचा आणि सांगायचा की अमुक वारा, अमुक लाटा असतील तर हे जहाज किती जोर लावून किती चालेल. मग त्यावरून ठरायचं की कुठल्या दिवशी किती वेगानं जायचं, म्हणजे कमीत कमी तेल जाळून नेमक्या वेळी बंदर गाठता येईल. आम्हा कप्तानांची खोड अशी की, दामटत न्यायचं, दोन दिवस आधी पोचायचं आणि मग बंदराबाहेर नांगर टाकून जागा कधी मिळते म्हणून वाट बघत बसायचं. वेग जरासा वाढवला तरी तेल त्याच्या कितीतरी पट जास्त जळतं हे आम्हाला ठाऊक असतं, पण ठाऊक असून काय उपयोग. त्याला या गोष्टीचा भयंकर संताप यायचा. "अरे, वाटच बघायचीये ना," तो म्हणायचा, "मंग हळू चालत वाट बघ की!"

हे शहाणपण त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. शेंद्र्याकडच्या आमच्या गावी त्याच्या वडिलांची, आबांची, मेंढरं होती. आमच्या घरची शेती, त्यांचा कळप उन्हाळ्यात आमच्या रानात बसायचा, आणि शाळेला सुटी लागली की मी अभ्यासाच्या नावानं कल्याणबरोबर मेंढरांमागं असायचो. गावच्या एका विहिरीवर पाण्याचा हौद होता आणि तिथं कळपांची पाळी लागायची. मला पाण्याची घाई. मी हातात फोक घेऊन मेंढरं पळवायला बघायचो. आबा लांबूनच हाळी द्यायचे. "अंकुशराव, हाकू नका त्यान्ला. पळून गेलं तरी थितं उन्हात उभंच ऱ्हायचंय." मी सात-आठ वर्षांचा असलो तरी ते मला अंकुशराव म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती आणि आमच्या घराण्याचा मान किती हे मला कधी कळलं नाही. ते मेंढरांकडं बघायचे, गवताकडं बघायचे, एखादं कोकरू लंगडत असेल तर त्याच्याकडं बघायचे, आणि मग निघायचे. आम्ही हौदापाशी पोचायचो तेव्हा आधीचा कळप पाणी पिऊन वळलेला असायचा. पुढं कित्येक वर्षांनी कल्याणनं त्या कामाचा पहिला आराखडा एका जहाज कंपनीतल्या साहेबांना समजावून सांगितला, तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, हे कुठं शिकलात? हा म्हणाला, वडिलांकडं. साहेबांना वाटलं, वडील नेव्हीत असतील.

खरं तर समुद्रावर जायचं वेड त्याचं. मला त्यानं ओढलं. बारावीनंतर आम्ही दोघं मुंबईला तपासणीसाठी गेलो. तिथं डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढं धरलं. ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. मी धडाधडा वाचले. कल्याणला एकही दिसला नाही. लाल आणि हिरवा त्याला सारखाच दिसतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, त्याला आणि आम्हालाही. समुद्रात रात्री समोरच्या जहाजाची कुठली बाजू आपल्याकडं आहे हे लाल-हिरव्या दिव्यांवरून ओळखायचं असतं, त्यामुळं विषयच संपला. परतीच्या एसटीनं नगर गाठलं. तेव्हा कल्याण एकदम म्हणाला, "अंकुश्या, खरं सांग. त्या पुस्तकात आकडे व्हते का?" मी म्हणालो, व्हते. त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं. मी समुद्रावर गेलो, तो औरंगाबादेत राहिला, संख्याशास्त्र शिकला, शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला. तिथं कॉम्प्रेसरना वीज किती लागते यावरून कुठला बिघडणार हे तो आधीच सांगायचा. मशीन बिघडायच्या आधी सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत आणि बिघडल्यावर सांगितलं की वैतागतात, अशी त्याची तक्रार होती.

जहाजांच्या आकड्यांशी त्याची गाठ मीच घालून दिली. एका सुटीत, नुसता चाळा म्हणून, मी माझ्या जहाजाचे वर्षभराचे दुपारचे रिपोर्ट त्याला दाखवले. प्रत्येक जहाज रोज मध्यान्हीला एक रिपोर्ट पाठवतं. चोवीस तासांत किती अंतर कापलं, किती तेल जाळलं, वारा कुठून, लाटा किती, आणि शेवटी शेरा. तो ते कागद घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी माझ्या दारात उभा. चहा पुढं यायच्या आत म्हणाला, "तुमचे लोक लई खोटं बोलतात रे." मी म्हणालो, तू बसशील का आधी? तो बसला नाही. जहाज हळू पडलं की शेऱ्यात 'समोरून वारा' असं लिहायचं, ही आमची जुनी चाल त्यानं पकडली होती. त्या दिवसांचा खरा वारा त्यानं हवामानाच्या नोंदींतून शोधून काढला होता. "इथं तर वारा मागून व्हता. इथं तर नव्हताच. वारा रोज समोरूनच कसा येतो तुम्हाला? कुठंबी तोंड करा, हा आपला पुढ्यात हजर!" मी चिडलो, कारण त्यातले निम्मे शेरे माझ्या सहीचे होते. पण मग त्यानं मला शांतपणे दाखवलं की, खरोखरच्या जोरदार वाऱ्याचे दिवस खोडून टाकले आणि फक्त शांत दिवस एकाखाली एक मांडले तर जहाज महिन्यागणिक थोडं थोडं मंदावत गेलंय. "बुडाला धरलंय. पाणबुड्या उतरव." मी उतरवला नाही. तीन महिन्यांनी कंपनीनं उतरवला, आणि त्यानं काढलेल्या फोटोंत शेवाळ आणि शिंपल्यांचा असा थर होता की, मला कल्याणला फोन करायला दोन दिवस लागले. तिथून त्याचा कारखाना सुटला आणि गुलमंडीची खोली सुरू झाली.

आता जे लिहायचंय ते लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ करतोय.

ते दुपारचे मेसेज ही माझीच कल्पना होती. खुर्चीत बसून बसून त्याचं पोट सुटलं होतं, आणि एकदा फोनवर तो माझ्या जहाजाच्या बुडाबद्दल ऐकवत असताना मी म्हणालो, "दुसऱ्याचं बूड राहू दे, तुझ्याच बुडाला काय धरलंय ते बघ आधी. तू पण रोजचा रिपोर्ट पाठवत जा, कप्तानाला." तो खो खो हसला आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच पाठवायला लागला. घर क्रांती चौकाच्या मागं, खोली गुलमंडीत. मोटरसायकल ठेवून तो पैठण गेटवरून चालत जायला लागला. 'तेवीस मिनिटं. शेरा: हवा छान.' 'बावीस. शेरा: मागून कुत्रं.' दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. फोनवर त्यानं बाराचा गजर लावून ठेवला होता. मी समुद्रात एकटा असायचो, कप्तानाला जहाजावर मित्र नसतो, आणि त्या एका ओळीनं मला रोज दोन मिनिटं गावाकडं नेऊन आणलं. सुरुवातीला मी उलट काहीबाही लिहायचो. मग नुसता अंगठा पाठवायला लागलो.

गेल्या दिवाळीत आणि नंतरचे दोन आठवडे मी घरी होतो. परतायच्या आधी एकदा त्याच्या खोलीवर गेलो, दोघं मिळून जिना चढत होतो, आणि मधल्या वळणावर तो थांबला. भिंतीला हात लावून म्हणाला, "हा दगड बघ. तेव्हाचे गवंडी काय सांधा धरायचे!" आणि मग गवंड्यांबद्दल, चुन्याबद्दल, पूर्वी या गल्लीत काय काय विकायला यायचं त्याबद्दल बोलत राहिला. चांगली पाच मिनिटं. मी एका पायरीवर एक पाय आणि दुसरीवर दुसरा असा अवघडून उभा राहून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, याला वयाबरोबर बडबड सुटली. त्यानं बोलता बोलता कपाळ पुसलं तेही मी बघितलं. मी बघितलं होतं.

बंदरात माल उतरला, बदली कप्तान आला आणि मी घरी पोचलो तेव्हा त्याला जाऊन सहा आठवडे झाले होते. सुनंदावहिनी महानगरपालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवतात. शाळा सुटल्यावर त्या मला खोलीवर घेऊन गेल्या. रशीदभाई दुकानातून उठून आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि एवढंच म्हणाले, "चाय के लिए आवाज दी मैंने. जवाब नहीं आया, तब ऊपर गया." वर खोली पुसून ठेवलेली होती. तुळशीला पाणी घातलेलं होतं. वहिनी खिडकीपाशी बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यातून यांचा फोन मह्या हातात दिला, आन् तेवढ्यात बाराचा गजर वाजला. मला काय करावं सुधरंना. मंग तुम्हाला कळवलं." मग त्यांनी कॉम्प्युटरच्या मागून एक शाळकरी वही काढून माझ्यापुढं ठेवली.

जहाजांसाठी कॉम्प्युटर, पण स्वतःच्या चालण्यासाठी त्यानं वही आणि पेन वापरलं होतं. तारीख, मिनिटं, शेरा. मला रोज येत होतं तेच. फक्त एक गोष्ट मला येत नव्हती: काही दिवसांवर पेन्सिलची आडवी रेघ होती. वाऱ्याचे दिवस जसे खोडायचे, तसे त्यानं आपलेही काही दिवस खोडले होते, आणि उरलेल्या दिवसांच्या मिनिटांचा एक आलेख पानाच्या तळाशी काढला होता. आलेखाची रेघ सुतासारखी सरळ. तेवीस, तेवीस, बावीस, तेवीस. सुरुवातीला महिन्यातून एखादा दिवस खोडलेला होता आणि त्याचे शेरे पटण्यासारखे होते: मिरवणूक, पाऊस, पैठण गेटला रस्ता खोदलाय. मग आठवड्यातून दोन. मग चार. सत्तावीस मिनिटं, नवा बूट चावतो, खोडलं. एकोणतीस, गर्दी, खोडलं. तेहतीस, ऊन, खोडलं. ती तारीख जानेवारीतली होती. थंडीनं लोक स्वेटर घालून हिंडत होते आणि हा सकाळी नऊ वाजता ऊन म्हणून शेरा लिहीत होता! शेवटच्या महिन्यात न खोडलेले दिवस तीनच उरले होते, आणि त्या तिन्हींच्या जोरावर त्यानं आपली रेघ सरळ ठेवली होती. जगभरच्या कप्तानांना ज्या खोटेपणासाठी त्यानं झोडपलं तोच त्यानं स्वतःशी केला, आणि त्याला ते समजलंही नसावं, कारण आम्हालाही ते लिहिताना समजत नाही. जहाजावर आपण खोटं लिहितोय असं कुणालाच वाटत नसतं. वारा होता असंच वाटतं.

माझ्या फोनवर हेच आकडे आहेत. तेहतीस, ऊन. खाली माझा अंगठा. छत्तीस, गर्दी. अंगठा. मी कप्तान आहे, हे वाचणं माझा धंदा आहे, आणि त्यानंच मला ते वाचायला शिकवलं होतं.

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. "भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. डॉक्टर म्हणले, हृदय आधीपासूनच थकलेलं व्हतं. सांगा ना, कधीपासून व्हतं हे?" पानावर ते दिसत होतं. बोट ठेवून सांगता येत होतं. दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा, म्हणजे मी इथं होतो तो, जिन्यातल्या दगडाचा. पण माझ्या तोंडातून आलं ते असं, "वहिनी, यातून काही सांगता येत नाही. गर्दीचा रस्ता आहे, रोज वेगळा वेळ लागणारच."  वहिनींनी वही मिटून मांडीवर ठेवली. मी जिना उतरलो, रशीदभाईंनी चहाला थांबवलं तरी थांबलो नाही, आणि क्रांती चौकापर्यंत चालत आलो. मला बावीस मिनिटं लागली. त्या बावीस मिनिटांत मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती. कल्याण गेल्याचं दुःख होतंच, पण हे वेगळं होतं. त्याच्या बायकोनं मला एक साधा प्रश्न विचारला होता, आणि मी शेऱ्यात वारा लिहून मोकळा झालो होतो.

चार दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. वहिनींना खरं सांगून काय मिळणार, असंही मनाला बजावून बघितलं. तीन-चार महिने हाताशी होते आणि आपण ते घालवले, हे कळून त्यांना उरलेलं आयुष्य काढायचं? पण मग वाटलं, हा विचार तरी त्यांच्यासाठी आहे की माझ्यासाठी? पाचव्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. आम्ही दोघं खोलीवर गेलो. मी उभ्यानंच सांगितलं. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून दिसतंय, वहिनी. मी इथं होतो तेव्हा. तो जिन्यात थांबला होता, मी बघितलं होतं. आणि नंतर रोज आकडे येत होते, ते पण मी बघत होतो. त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो.

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा जा म्हणतील.  त्या म्हणाल्या, "व्हय. तवाच यांनी पिशवी मह्या हातात दिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, भाजीची पिशवी कधी मला उचलू दिली नाय. त्या दिवशी मंडईतून येताना म्हणले, धर जरा. मला वाटलं, फोनवर बोलायचं असंल." त्या पुन्हा म्हणाल्या, "फोन तर वाजलाच नव्हता, भाऊजी." खाली रशीदभाई कुणा गिऱ्हाइकाला ताग्यातून कापड फाडून देत होते, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.  एकमेकांना माफ करण्यासारखं काही बोलणं झालं नाही, आणि मला वाटतं ते खोटंच झालं असतं.

जायची वेळ झाली तेव्हा वहिनींनी वही उघडली आणि मधल्या पानांवरून हात फिरवला. "हे असं खोडलेलं मला बघवत नाय," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं लागली तर लागली. चालले तर व्हते ना ते?" त्यांनी आपल्या शाळेच्या पर्समधून मुलांचं असतं तसं खोडरबर काढलं आणि माझ्यापुढं धरलं. तारखेला, मिनिटांना हात लावायचा नाही, म्हणाल्या, फक्त वरच्या रेघा पुसा. मी खुर्ची ओढून घेतली आणि दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरुवात केली.